हसू मागच्या गाडीनं येतंय

नागपूरहून अमरावतीला येणाऱ्या माणसाला अमरावती दिसण्याआधी नांदगाव पेठ दिसतं, आणि नांदगाव पेठेला तो माणूस त्याच्याही आधी दिसलेला असतो. हायवे आमच्या अंगावरून जातो. पूर्वी त्याचा नंबर ६ होता, आता ५३ झाला. त्यावरून जाणाऱ्यांच्या चौकशीत मात्र काही फरक पडलेला नाही. एमआयडीसीची पाळी सुटते, १३५० मेगावॅटच्या वीज केंद्रातली माणसं परततात, कोणी अमरावतीच्या दवाखान्यात भरती असलेल्या साडूला पाहायला निघालेला असतो, कोणी मोझरीला, कोणी नुसताच. म्हणजे इथे माणसं ठरवून भेटत नाहीत. ती अंगावर येतात.

आणि वऱ्हाडात भेटण्याची पट्टी ठरलेली आहे. रस्त्याच्या या काठावरची हाक त्या काठाला गेली पाहिजे, मधून कापसाचा ट्रक जात असेल तर ट्रकच्या वरून गेली पाहिजे. "काय जी भाऊ! कुठी चाल्ले?" या प्रश्नाला उत्तर लागत नाही. तुम्ही कुठे चाललात हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं, बरेचदा तुमच्या आधीपासून. त्याला परत हवा असतो तेवढाच आवाज, तेवढेच दात आणि वर उचललेला एक हात. हे तिन्ही एका क्षणात जमले तर तुम्ही चांगल्या घरचे. एखादा सेकंद चुकला की शिष्ट.

माझा सेकंद चुकतो. आनंद होतो, अगदी लगेच होतो, पण आतल्या आत. पहाटे ओलिताला गेलेल्या माणसानं हँडल मारमारून दमावं, इंजिनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून घराची वाट धरावी आणि मग मागे त्या इंजिनानं भकभक सुरू व्हावं, तसा माझा चेहरा आहे. ओळखीचा माणूस हाक मारतो, मी त्याच्याकडे बघतो, तो माझ्याकडे बघतो, तो निघून जातो. तो टोलनाक्याच्या पलीकडे पोचला असेल तेव्हा मी पानठेल्यासमोर एकटाच दिलखुलास हसत उभा असतो. त्यामुळे गावात माझ्याबद्दल दोन मतं आहेत. ज्यांना मी भेटलो ते म्हणतात, लय भाव खाते. ज्यांनी मला त्यानंतर पाहिलं ते म्हणतात, चांगल्या माणसाचं कसं झालं पाहा.

यात थोडा भाग नोकरीचा आहे. माझा जन्म अमरावतीतल्या एका संस्थेच्या रोखपालाच्या खिडकीत गेला. रोखपालानं मान वर करायची नसते. मान वर केली की नोट जास्त जाते, आणि जास्त गेलेली नोट संध्याकाळी पगारातून येते. त्यामुळे अर्धा तालुका माझ्यासमोर उभा राहून गेला, पण मला तो मनगटापासून पुढे ठाऊक आहे. कोणाच्या अंगठ्याला कोयत्याची जुनी खूण आहे, कोण सही करताना आडनावाशी अडखळतो, कोणाच्या बोटात पुष्कराज आहे नि कोणाच्या बोटातला गेल्या हंगामात गेला, हे मी झोपेत सांगीन. चेहरा विचारू नका. रस्त्यात माणसं खिशात हात घालून भेटतात, तिथे माझा सगळा अभ्यास फुकट जातो.

या आजारावर परदेशात शास्त्र आहे हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. जॉर्ज मँडलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८० साली एका लेखात बसमधल्या खाटकाचं उदाहरण दिलं. बसमध्ये एक माणूस दिसतो. ओळखीचा आहे याची आपल्याला शंभर टक्के खात्री असते. पण कोण, कुठला, काही केल्या आठवत नाही. पुष्कळ डोकं खाजवल्यावर उलगडा होतो की हा आपला खाटीक. दुकानात रोज दिसणारा माणूस दुकानाबाहेर आला की अर्धाच ओळखू येतो. "पाहिलाय" हे एक खातं आणि "कोण आहे" हे दुसरं, नि दोन्हींची पासबुकं वेगळी. मँडलरनं हे कुठल्या बसमध्ये बसून ठरवलं माहीत नाही, पण आमच्याकडे त्याला खाटकाची गरज पडली नसती. चक्कीवाला पुरला असता.

आमचा चक्कीवाला मी कायम पांढरा पाहिला होता. पांढरे केस, पांढऱ्या भुवया, पांढऱ्या पापण्या. वयोवृद्ध माणूस म्हणून मी त्याला मनातल्या मनात मान देत असे. एक दिवस राजकमल चौकात एक काळ्याभोर केसांचा तरणा गडी माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि हसायला लागला. मीही हसण्याच्या बेतात आलो होतो, पण माझ्या हसण्याला आधी परवानगी लागते. कोण आहे हे कळल्याशिवाय वरून मंजुरी येत नाही. तो म्हणाला, "ओयखलं नाही काय मले?" मी म्हटलं, "ओळखलं ना!" या उत्तराइतकं धोक्याचं उत्तर वऱ्हाडात दुसरं नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो. तो आलाच: "मंग सांगा बरं कोन?"

ही तोंडी परीक्षा आमच्या भागात भर रस्त्यात घेतात. पुण्या-मुंबईकडचा माणूस अशा वेळी दया येऊन स्वतःचं नाव सांगतो. आमच्याकडे सांगत नाहीत. उलट चार बघे जमवतात. "यायनं मले ओयखलं नाही!" असं प्रत्येक येणाऱ्याला सांगितलं जातं, नि प्रत्येक येणारा कमरेवर हात ठेवून निकालाची वाट पाहतो. शेवटी त्यालाच घाई झाली. जाता जाता म्हणाला, "तुमचा डबा सोमवारपासून पडून हाय. ज्वारीले किडे लागतीन." तेव्हा कुठे माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या भुवयांवर पीठ चढलं आणि मला मनापासून आनंद झाला. पण तोवर त्याचा ऑटो सुटला होता.

आमच्या घरी हे काही पटत नाही. बायकोच्या मते मँडलर वगैरे बहाणे आहेत. "तुमचं तोंड पाहून मानूस आल्या पावली वापस जाते," असं ती माझ्या तोंडावर सांगते. तिच्याकडे सगळ्या पंचक्रोशीची नोंदवही आहे आणि ती चालता चालता उघडते. बाजारात ती पुढे, मी पिशव्या घेऊन मागे. आणि ती न वळता सूचना देत असते. "निळा शर्टवाले येऊन राह्यले पाहा. तुमच्या आतेभावाचे साडू होत. पोरगी दवाखान्यात होती. इचारा बरं नीट." मी तयारीला लागतो. वाक्य जुळवतो, आवाज चढवतो, चेहऱ्याला आगाऊ सूचना देतो. पण बाजारात निळे शर्ट एकापेक्षा जास्त असतात. मी अतिशय आपुलकीनं एका गृहस्थाच्या मुलीची प्रकृती विचारली. ते म्हणाले, मला तीन मुलगेच आहेत, आणि तुम्ही कोण? माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वेळेवर आलेलं हसू अशा रीतीनं एका परक्या माणसावर खर्च झालं. खरे साडू शेजारच्या गाड्यावर वांगी निवडत होते. ते आजही सांगतात की मी त्यांना पाहून मुद्दाम दुसऱ्याशी बोललो.

आमच्यासारख्यांवर संतांचे उपकार आहेत, हे मात्र सांगितलं पाहिजे. तयार नमस्कार त्यांनीच आम्हाला दिले. तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज याच रस्त्यावर पुढे मोझरीला आहे, त्यामुळे "जय गुरु" म्हणणारे पुष्कळ. शेगावची वारी करणारे "जय गजानन" म्हणतात. "जय भीम" आहे, "राम राम" आहे, "सलाम" आहे. या नमस्कारांची सोय अशी की चेहऱ्याचं काम शब्द करतो. त्याचं उत्तर येईपर्यंत इकडे आत इंजिन सुरू व्हायला थोडी सवड मिळते. अडचण एकच. कोणाला काय म्हणायचं हे कळायला तो कोण हे आधी कळावं लागतं. मी पाचही एका दमात म्हणून पाहिले. समोरच्यानं मला मतं मागायला आलेला समजून पाणी दिलं.

एक भेट निभावणं सोपं, खरी कसोटी दुसऱ्या भेटीला. गावात मोठा रस्ता एक. तुम्ही किराणा दुकानासमोर एखाद्याचा पाच मिनिटं निरोप घेता, "या मंग घरी, वहिनीले घेऊन या," असं रीतसर होतं, आणि दोघेही एकाच दिशेला निघता. कृषी केंद्रासमोर परत तोच. आता काय करायचं? परत "काय जी" म्हणता येत नाही. मान हलवायची. मेडिकलवर तिसऱ्यांदा. फक्त भुवई. पिठाच्या चक्कीवर चौथ्यांदा दिसला तेव्हा मी भिंतीवरची मलेरियाची सूचना पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. त्यानंही माझ्या शेजारी उभं राहून तीच वाचली. आम्ही दोघांनी ती पूर्ण केली. डासांबद्दल आमचं एकमत झालं असावं, पण बोललो नाही.

गाडी घेतली तर हा त्रास संपेल असं वाटलं होतं. वाढला. पायी चालणाऱ्याला गाडीतला माणूस दिसत नाही, पण एमएच-२७ च्या पुढचे सगळे आकडे पाठ असतात. गाडी मेव्हण्यानं नेली, त्यानं कोणाला हात दाखवला नाही, आणि तो सगळा शिष्टपणा माझ्या खात्यावर जमा झाला. पूर्वी निदान टोलनाक्यावर थांबावं लागायचं. रांग लागायची, काचा खाली व्हायच्या, सुट्ट्या पैशांवरून भांडण चालू असेतो मागच्या-पुढच्या गाड्यांतून लग्नं जुळायची, तुरीचा भाव कळायचा. इतका वेळ मिळाला की माझंही हसू रांगेत पोचायचं. २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला. आता काचेवरच्या कागदाला यंत्र ओळखतं, आणि दांडा वर जातो. मला त्या यंत्राचा हेवा वाटतो. ओळख पटायला त्याला क्षण लागत नाही आणि नंतर कोणी त्याला "मंग सांगा बरं कोन?" असं विचारत नाही.

वर्षातले दोन महिने मात्र माझे आहेत. एप्रिल आणि मे. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सगळा वऱ्हाड तोंडाला दुपट्टा बांधतो. डोक्यावरून, कानावरून, नाकावरून दोन वेढे, वरून काळा गॉगल. बँकेच्या दारातला शिपाई म्हणतो, दुपट्टा काढा. आणि काढल्यावरही ओळखत नाही. बाप लेकीला ओळखत नाही, लेक बापाला फक्त स्कूटरच्या आवाजावरून ओळखते. या दोन महिन्यांत सगळ्या गावाचा चेहरा माझ्यासारखा होतो. हसलात तरी कोणाला दिसतं? सगळे फक्त हात वर करतात. मीही करतो. मिळेल त्या दिशेला, मिळेल त्या दुपट्ट्याला. मे महिन्यात माझ्याइतका मनमिळाऊ माणूस नांदगाव पेठेत सापडणार नाही. पहिला पाऊस पडला की दुपट्टे सुटतात आणि मी पुन्हा शिष्ट होतो.

आपल्या भागाला हा डाग शोभत नाही, हेही कळतं. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे आमचं माप. १८९७ ची काँग्रेस अमरावतीला भरली तेव्हा स्वागताध्यक्ष तेच. वकील, टिळकांचे स्नेही, घरात कायम माणसांचा राबता. ते रोजची डायरी लिहीत आणि तीत कोण आलं, कोणाशी बोलत बसलो याची नोंद असे. मी डायरी ठेवली असती तर तिच्यात इतकंच निघालं असतं: आज तिघे भेटले. तिघेही गेल्यावर आठवले.

गंमत अशी की हाच मी परगावी वेगळा असतो. पुण्याला मुलाकडे गेलो होतो. स्वारगेटच्या गर्दीत एका माणसानं "अरे नांदगाव पेठ!" म्हणून मला मिठी मारली आणि मीही त्याला मारली, तीही वेळेवर. गावाच्या नावानं हाक मारणारा हा कोण ते आजतागायत ठाऊक नाही. त्यालाही माझं नाव ठाऊक नव्हतं. अमरावतीहून तिरुपतीला जाणाऱ्या गाडीत तर बडनेरा मागे पडलं की एकमेकांना गावात कधी न बोललेली माणसं पुरणपोळ्यांचे डबे उघडतात. स्टॅन्ली मिलग्रम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७२ साली रोज एकाच स्टेशनवर उभे राहणाऱ्या प्रवाशांबद्दल लिहिलं होतं. ते एकमेकांना वर्षानुवर्षं चेहऱ्यानं ओळखतात आणि बोलत मात्र नाहीत. हेच लोक नेहमीच्या जागेपासून जितके लांब भेटतील, तितकी बोलण्याची शक्यता वाढते, असं त्याचं म्हणणं. म्हणजे माझा प्रेमळपणा अंतरावर अवलंबून आहे. तिरुपतीला मी साक्षात खापर्डे असतो.

मिलग्रमचा तो प्रवासी मला रोज भेटायचा. नोकरीत असताना अमरावतीच्या बससाठी मी ज्या कडुलिंबाखाली उभा राहायचो, त्याच कडुलिंबाखाली एक गृहस्थ उभे असत. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. पहिल्या दिवशी बोलायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी बोललो असतो तर काल का बोललो नाही याचा खुलासा आला असता. वर्षभरानं तर तो खुलासा रीतसर अर्ज करून द्यावा लागला असता. त्यापेक्षा न बोलणं दोघांनाही सोयीचं झालं. सावली सरकली की ते सरकत, मग मी सरके. एखाद्या दिवशी ते आले नाहीत तर मला चुकल्यासारखं व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी आले की मनात म्हणायचो, आला शिष्ट.

मुलाचं लग्न काढलं, तेव्हा मध्यस्थानं याच गावातलं एक स्थळ आणलं. मुलगी शिकलेली, घर चांगलं. बैठकीच्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो, आणि दारात स्वागताला ते कडुलिंबाचे गृहस्थ उभे. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पाहत राहिलो. आतून मला इतका आनंद झाला होता की सांगता सोय नाही. चेहऱ्यावर जे काही होतं ते मध्यस्थ पाहत होता.

पोहे झाले, चहा झाला, मुलगी आली, मुलगी गेली. मुलं एकमेकांना पसंत होती. मुलांच्या आया तर साक्षगंधाच्या साड्यांपर्यंत पोचल्या होत्या. आम्ही दोघे बाप मात्र समोरासमोरच्या खुर्च्यांवर, मधल्या टीपॉयवरच्या शेवेकडे पाहत बसलेलो. २०१८ साली एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दोन अनोळखी माणसं बोलून उठली की समोरच्याला आपण जितके आवडलो असतो, त्यापेक्षा कमी आवडलो असंच दोघांनाही वाटतं. एका वसतिगृहात राहणाऱ्या पोरांमध्येसुद्धा हा गैरसमज महिनोन्‌महिने टिकला. पण त्यांनी निदान बोलणाऱ्यांवर प्रयोग केला होता.

मध्यस्थानं मला खांद्याला धरून ओसरीत नेलं. "भाऊ, स्थळ पसंत नाही काय?"

"पसंत आहे ना. मला फार आनंद झालाय."

"आसं तोंड आनंदाचं असते काय?" तो कपाळाला हात लावून म्हणाला. "बरं, थे तिकडचे काहून असे बसले?"

"त्यांनाही आनंदच झाला असेल."

"तुमची पहिलेची ओयख हाय काय?"

"ओळख नाही जी. रोज भेटत होतो."

तो माझा नाद सोडून तिकडच्यांना विचारायला गेला. दार उघडंच होतं, आणि वऱ्हाडात कुजबूजही रस्त्याच्या पलीकडे जाते. मध्यस्थ म्हणाला, "काकाजी, खरं सांगा, मानूस कसा वाटते? काई ऐकून असान तर आत्ताच बोला. मांगून मले नाव नका ठेवू."

कडुलिंबाचे गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ह्या माणसाले मी लय वर्सापासून पाहून राह्यलो. एका झाडाखाली उभे राहो आमी. एवढ्या वर्सात यायनं मले एका शब्दाचा तरास देल्ला नाही. पोरगी सुखात राहीन."